उबेला ठेवलेलं

"दाण्याला दुखवू नकोस. साल तेवढं सोडवायचं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, बोटं सुरकुतली माझी."

"सुरकुतली म्हणजे बरोबर चाललंय."

मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी, आम्ही दोघं पाटांवर बसलो होतो आणि मधे मोठं पातेलं होतं. पातेल्यात रात्रभर भिजून फुगलेलं सोयाबीन. दोन्ही तळव्यांत मूठभर दाणे धरून चोळायचे, की सालं सुटून पाण्यावर तरंगायची. ती अण्णा गाळणीनं अलगद उचलायचे आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी झटकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा असणार नव्हते. हे आम्हाला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं, त्यामुळे त्या दुपारी आम्ही बोललो ते बहुतेक सगळं सालांबद्दलच.

आई दोरीवरचे कपडे काढायला आली. कपडे खांद्यावर टाकता टाकता तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"झाली का बुरशीची तयारी?"

"बुरशी नव्हे, विरजण," अण्णा मान वर न करता म्हणाले.

"विरजण दह्याला लावतात. उभा जन्म मिलच्या दारात बसून बुरशी लागली म्हणून लोकांच्या गाड्या परत पाठवल्या, आणि आता घरात पेटी करून, दिवा लावून तीच वाढवताय. कुणाचे तरी तळतळाट आहेत, दुसरं काय."

"ती बुरशी वेगळी. ही वेगळी."

"हो ना. ती फुकट यायची. ही तुम्ही पोस्टानं मागवता."

मी हसले. अण्णाही हसले, पण आवाज न करता, फक्त खांदे हलवून. आई समाधानानं आत गेली. हा संवाद थोड्याफार फरकानं दर महिन्याला व्हायचा, आणि मी पुण्याहून लातूरला दर महिन्याला यायचे त्यातलं निम्मं कारण तो संवाद होता.

अण्णा लातूरजवळच्या एका तेलाच्या मिलमध्ये केमिस्ट होते. हंगामात सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागायची. पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे काढायचे, आधी नाकाशी न्यायचे, मग डोळ्यांसमोर, आणि सगळ्यात शेवटी प्रयोगशाळेत. अण्णांनी नाक मुरडलं की गाडी परत. लहानपणी मला वाटायचं, माझ्या वडिलांना वास घेण्याचा पगार मिळतो. मिलमधून ते मुदतीच्या जरा आधीच घरी बसले. गुडघे दुखतात, दिवसभर उभं राहवत नाही, असं म्हणाले. काही महिने नुसते पेपर वाचत होते. मग माझ्या रक्ताच्या तपासणीत प्रथिनं कमी निघाली आणि अण्णांना काम मिळालं.

"मिलमध्ये तेल काढून घ्यायचो आणि सगळं सत्त्व पेंडीबरोबर कोंबड्यांना जायचं," ते फोनवर म्हणाले होते. "इतकी वर्षं कोंबड्यांना घातलं. आता लेकीला घालतो."

असं आमच्या घरात टेंपे आलं. हे जावा बेटावरचं खाणं. शिजवलेल्या सोयाबीनला एका जातीची पांढरी बुरशी लावून उबेत ठेवायचं. ती दाण्यादाण्यांत शिरून त्यांना बांधते आणि दीडेक दिवसात चांगली घट्ट वडी होते. ती कापून, शिजवून खायची. अण्णांनी कुठला तरी व्हिडिओ बघितला, थर्मोकोलची पेटी आणली, तिच्यात झीरोचा बल्ब बसवला, आणि पहिल्याच खेपेला वडी अशी काही पांढरीशुभ्र जमली की आईसुद्धा "दिसायला तर बरं आहे" म्हणाली. खायला मात्र तिनं साफ नकार दिला. बुरशी ती बुरशी.

म्हणजे खाणारी मी एकटीच. आणि ते कडू असायचं.

अगदी तोंड वाकडं करण्याइतकं नाही. पहिला घास बरा लागायचा, मग जिभेच्या मुळाशी एक कडवट, उग्र चव चढत जायची आणि तिथंच बसायची. अण्णा दर खेपेला काही ना काही बदलायचे. जास्त वेळ भिजवायचे, पाणी बदलायचे, व्हिनेगर वाढवायचे, सालांचा कण राहू द्यायचे नाहीत. वड्या कधी जाड कापायचे, कधी पापडासारख्या पातळ. एक गोष्ट मात्र कधीही बदलली नाही. पेटीतून निघालेली वडी कापायची आणि थेट कढईत, कडकडीत तेलात सोडायची. तेलात पडलं की सगळे दोष जातात, यावर त्यांची श्रद्धा होती. तेलाच्या मिलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाची श्रद्धा. तिच्यावर शंका घ्यायचं माझ्याही मनात आलं नाही. समोर बसून ते विचारायचे, "कसं झालंय?" मी म्हणायचे, "छान झालंय."

त्या दुपारीही त्यांनी विचारलं. हात पातेल्यातच होते.

"मागच्या खेपेचं कसं होतं?"

"छान होतं की."

"छान म्हणजे?"

"छान म्हणजे छान, अण्णा."

"मिलमध्ये असा रिपोर्ट दिला असता ना, तर मालकानं मलाच गाडीत घालून परत पाठवलं असतं." ते थोडा वेळ दाणे चोळत राहिले. "हे उद्या संध्याकाळी होईल. तू परवा जाणार. तर उद्या जेवताना मला खरा रिपोर्ट द्यायचा. काय चुकतंय, कुठं चुकतंय. मनाला लावून घेणार नाही मी."

"बरं."

"बरं नाही. कबूल म्हण."

"कबूल."

"आणि मलाही थोडं बोलायचंय," असं काहीतरी ते पुटपुटले, आणि उठताना त्यांनी गुडघ्याला हात लावला नाही. हे मला तेव्हा दिसलं, पण त्याचा अर्थ लागावा असं काही नव्हतं त्यात.

संध्याकाळपर्यंत दाणे शिजले. आईच्या जुन्या सुती पातळावर पसरून पंख्याखाली सुकवले. अण्णांनी त्यांच्यात हात घालून बघितला. "अंगाइतकं कोमट हवं. जास्त गरम असलं तर विरजण मरतं, गार असलं तर झोपतं." मग चिमूटभर करड्या भुकटीचं विरजण सगळीकडे लागेल असं कालवलं. पिशव्यांना दाभणानं भोकं पाडली होती, बुरशीलाही श्वास लागतो म्हणून. पिशव्या भरल्या, तळव्यानं थापून सपाट केल्या, पेटीत मांडल्या आणि बल्ब लावला. झाकण ठेवण्याआधी अण्णांनी एका पिशवीला हाताची मागची बाजू लावून बघितली, ताप बघतात तशी.

रात्री जेवणं झाली. क्रिकेटच्या मॅचमध्ये भारत हरत होता, म्हणून अण्णा लवकर झोपायला गेले.

सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले होते. आईनं चहा गाळला आणि हाक मारली, पुन्हा हाक मारली, आणि मग तिनं मला हाक मारली. त्या तिसऱ्या हाकेपासून पुढचा दिवस मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. डॉक्टर चपला बाहेर काढून आत आले. शेजारच्या जाधवकाकूंनी गॅसवरचं दूध उतरवून ठेवलं. मिलमधले दोघेतिघे जुने हमाल आले आणि फाटकाशीच उभे राहिले. अग्नी मी दिला. औशाहून शकूआत्या आली. ती अण्णांची मोठी बहीण, त्यांना नुसतं 'मुरली' म्हणणारी आता उरलेली एकटीच. तिनं येताच घराचा ताबा घेतला, आणि तो कुणीतरी घ्यायला हवाच होता.

स्मशानातून आम्ही परत आलो, तर जिथं अण्णांना ठेवलं होतं तिथं पिठाच्या थरावर पणती लावलेली होती आणि आई तिच्यासमोर भिंतीला टेकून बसली होती. जाधवकाकूंनी पिठलंभात आणला होता. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. कोपऱ्यातली थर्मोकोलची पेटी काळोखी दिसली. एरवी तिच्या फटींतून पिवळी रेघ यायची.

"आत्या, बल्ब कुणी बंद केला?"

"मीच काढली की पिन. घरात गेल्या माणसाचा दिवा असताना दुसरा कशाला जळत ठेवायचा? तिथं एक आहे, तो एकच पाहिजे." आत्यानं पेटीकडे बोट केलं. "आणि त्यात काय ठेवलंय गं? झाकण उघडलं तर बुरशीच बुरशी. अंगावर काटा आला. सांगितलंय मी, उद्या कचऱ्याची गाडी आली की देऊन टाका म्हणून."

"ते खायचं आहे, आत्या."

"काय?"

"अण्णांनी केलंय. ते तसंच असतं."

"बाई बाई! पोरगी दुःखात काय बोलतेय तिला तरी कळतंय का," आत्या म्हणाली, पण आवाज मऊ करून. "शरू, सुतकाचं घर आहे. नासलेलं ठेवू नये घरात. मुरलीचं काय, त्याला मिलमध्ये राहून राहून सवय झाली होती असल्याची."

मी काही म्हणायच्या आत बाहेरून आईचा आवाज आला. सकाळपासून ती बोललीच नव्हती.

"वन्सं, त्याला हात लावू नका."

आत्या दारात गेली. "अगं विमल, पण तूच तर त्याला नावं ठेवायचीस. गेल्या दिवाळीत माझ्यासमोर म्हणालीस, घरात उकिरडा केलाय म्हणून."

"मी म्हणेन. माझं मी बघेन." आईनं पणतीवरची नजर काढली नाही. "राहू दे ते तिथंच."

आत्या पेटीपासून बाजूला झाली. पिन मात्र तिनं परत लावू दिली नाही, आणि तेवढ्यावरून भांडायची ताकद माझ्यात नव्हती. मी पेटीसमोर फरशीवर बसले. ऊब गेली की विरजण झोपतं, असं अण्णाच म्हणाले होते. म्हणजे हेही गेलं. खरा रिपोर्ट द्यायचा कबूल केला होता, आणि आता द्यायला ना अण्णा होते ना ती वडी. एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे ही गोष्ट अगदी किरकोळ होती, हे मला कळत होतं. पण दिवसभर जे रडू आलं नव्हतं ते तिथं, त्या विझलेल्या पेटीसमोर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाकण उघडलं ते टाकून द्यायच्याच तयारीनं. तोंडावर वाफेचा झोत आला. झाकणाच्या आतून घाम सुटल्यासारखे थेंब जमले होते. मी पिशवीला हात लावला आणि मागे घेतला. पिशवी गरम होती. बल्ब बंद होऊन अख्खी रात्र गेली होती, आणि आतली वडी पेटीत ठेवताना होती त्यापेक्षा जास्त गरम होती. दाणे दिसेनासे झाले होते. सगळीकडे घट्ट पांढरी साय धरली होती, कडेला बोट दाबलं तर बोट मागे ढकलणारी.

मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर वाचून कळलं. दिव्याची गरज पहिल्या रात्रीपुरतीच असते. एकदा बुरशीनं धरलं की ती स्वतःच ऊब तयार करते, इतकी की उलट झाकण किलकिलं करून ती बाहेर जाऊ द्यावी लागते. अण्णांना हे ठाऊक असणारच. सांगायचं राहिलं असेल, किंवा आपण दोघं मिळून उद्या बघूच, असं वाटलं असेल.

मी पिशव्या आणून आईसमोर ठेवल्या. तिनं एकीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"फ्रीजमध्ये ठेव," ती म्हणाली. "बाहेर राहिलं तर काळं पडतं. चूल पेटेल तेव्हा बघू."

आमच्याकडे अस्थी गोळा करून आणेपर्यंत घरची चूल पेटत नाही. शेजारचे, नात्यातले आणतील ते खायचं. तिसऱ्या दिवशी अस्थी आणल्या, त्या अंगणातल्या झाडाला बांधल्या, आंघोळी झाल्या, आणि आत्यानं स्वतः गॅस पुसून पेटवला. नुसता भात आणि वरण.

मी फ्रीजमधून वडी काढली. ती आता गार आणि टणक होती, सुरीनं साबणाच्या वडीसारखी कापली गेली. मी कढई काढायला वाकले तशी आत्या म्हणाली, "कढई नाही हं."

"का?"

"का काय? सुतकात कढई चढवत नाहीत. तळण नाही, फोडणी नाही. दिवस पूर्ण होईपर्यंत तेलाचं काही नाही. एवढंही माहीत नाही पुण्याच्या लोकांना?"

"आत्या, पण हे तळूनच करतात. अण्णा तळायचे."

"मग दिवस झाल्यावर तळ."

"तोपर्यंत टिकणार नाही ते."

"नाही तर नाही. मुरलीच टिकला नाही, त्याच्या वड्यांचं काय घेऊन बसलीस." बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच ते लागलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती बाहेर ओसरीवर जाऊन बसली.

मी कापलेल्या वड्यांकडे बघत उभी राहिले. अण्णांच्या पद्धतीनं नाही केल्या तर तो रिपोर्ट कशाचा देणार होते मी? आणि कुणाला, हा प्रश्न तर होताच.

आई उठून आत आली. त्या दिवसांत ती पहिल्यांदाच स्वयंपाकघरात येत होती. तिनं फडताळातून मोदकपात्र काढलं, त्यात पाणी घातलं, चाळणीला तेलाचा हात लावायची सवय म्हणून बाटली उचलली आणि परत ठेवली. चाळणीवर हळदीची दोन पानं पसरली.

"आण इकडे. वाफवून बघू."

"चालेल ते?"

"मला काय ठाऊक. मी कधी खाल्लंय?" ती वड्या मांडायला लागली. "अळू नाही का आपण करत? खाजरं असतं ते. वाफवतो, चिंच लावतो. बघू होतं का तसंच काही. नाही झालं तर नाही झालं."

झाकण ठेवून ती तिथंच स्टुलावर बसली. पाण्याला उकळी फुटल्याचा आवाज यायला लागला आणि हळूहळू वाफेबरोबर एक वास सुटला, कच्चा, उग्र, भिजवलेल्या कडधान्यासारखा. तळताना तो कधी आला नव्हता, तेलाखाली दाबला गेला असावा. मी खिडकी उघडली.

"त्यांना नसता आला," आई म्हणाली.

"काय?"

"हा वास." तिनं झाकण उचलून पुन्हा ठेवलं. "त्यांना वास येत नव्हता, शरू. स्कूटरवरून पडले ना ते, डोक्याला टाके पडले होते, तेव्हापासून. आधी वाटलं सर्दी आहे. मग डॉक्टरांनी सांगितलं, गेलं. नाक गेलं आणि त्याच्यामागोमाग चवही. मीठ कमी की जास्त, काही कळायचं नाही त्यांना. मी वाढायचे तेवढं जेवायचे."

तो अपघात मला आठवत होता. मी आले होते, चार दिवस राहिले होते, त्यांनी जेवणाचं कौतुक केलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगू नको म्हणाले. मिलमध्येही सांगितलं नव्हतं. काही दिवस डोळ्यांनी भागवलं. मग एकदा कुबट मालाची गाडी पास केली त्यांनी. कुणी काही बोललं नाही, हमालांनाच आधी कळलं, त्यांनी पोती बाजूला काढून ठेवली मुकाट्यानं. दुसऱ्या दिवशी यांनी राजीनामा दिला. तुला म्हणाले गुडघे. गुडघ्यांना काय झालं होतं त्यांच्या?"

मोदकपात्राच्या कडेनं वाफ येत होती. आईनं गॅस जरा बारीक केला.

"मग हे सुरू केलं. मी विचारलं, ही थेरं कशाला? तर म्हणाले, याला नाक लागत नाही, विमल. पांढरं झालं की दिसतं, घट्ट झालं की बोटाला कळतं, गरम झालं की हाताला कळतं. एवढं मला अजून येतं."

बाहेर ओसरीवर आत्या कुणाशी तरी बोलत होती.

"चव मात्र कळत नव्हती," आई म्हणाली. "ती तुझ्यावर सोडलेली."

"आणि मी म्हणायचे, छान."

"हो. तू म्हणायचीस छान, आणि हे बघायचे तू पाणी किती पितेस ते." आईच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "तू झोपलीस की मला सांगायचे, आज तीन भांडी गेली, अजून जमत नाही. मागच्या महिन्यात म्हणाले, अडीच. काय आनंद झाला होता त्या अर्ध्या भांड्याचा! मी म्हटलं, तुम्हाला कळतंय ना कडू होतंय ते, मग तिला कशाला विचारता परत परत? तर म्हणाले, मोजून कळलं ते वेगळं. तिनं सांगायला पाहिजे."

"तू का नाही सांगितलंस मला?"

"बापलेकीचं चाललं होतं. मी कशाला मधे पडू? त्यांना म्हटलं मात्र मी, की दोघं सारखे आहात. तुम्ही तिला नाकाचं सांगत नाही, ती तुम्हाला कडूचं सांगत नाही. आधी तुम्ही सांगा, मग ती सांगेल." आईनं पदरानं झाकण धरलं. "या खेपेला सांगतो म्हणाले. जेवताना."

तिनं झाकण उचललं. वाफ वर गेली, आणि मला जाणवलं की तो उग्र वास जवळजवळ गेला होता. वड्या फुगून मऊ झाल्या होत्या, पानांचा रंग त्यांच्या पोटाला लागला होता. आईनं वाडग्यात चिंचेचं पाणी केलं, मीठ आणि थोडं तिखट घातलं आणि वड्या गरम असतानाच त्यात सोडल्या. सोडल्याबरोबर त्यांनी पाणी ओढून घेतलं. तळलेल्या वड्यांना लावलेलं मीठ वरच राहायचं, आतपर्यंत काही जायचं नाही. हे पाणी मात्र बघता बघता आटलं.

"घे."

मी एक उचलली. खाण्याआधी थांबले. किती महिने हा पहिला घास मी जरा तयारीनं घेत आले होते, जीभ आत ओढून घेत. तशीच घेतली. चिंचेचा आंबटपणा आला, मीठ आलं, आणि मग दाण्याची चव आली, उकडलेल्या कोवळ्या शेंगांसारखी गोडसर, थोडी भाजक्या पिठासारखी. मी चावत राहिले आणि कडवटपणाची वाट बघत राहिले. तो आला नाही. मी गिळल्यावरही वाट बघितली.

आईनं एक वडी घेतली. बुरशीची म्हणून जिला ती आजवर शिवली नव्हती, त्या वडीचा तिनं कोपरा तोडला, नाकाशी नेला, तोंडात टाकला, आणि खिडकीबाहेर बघत सावकाश चावला. मग उरलेली सगळी वडी तोंडात घातली. तिचे डोळे वाहत होते आणि ती चावत होती.

आत्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं वाडग्यात बघितलं, आमच्याकडे बघितलं. थोड्या वेळानं तिनंही हात पुढे केला आणि आईनं तिच्या तळव्यावर एक वडी ठेवली.

"मुरलीची?" तिनं विचारलं.

"त्यांचीच," आई म्हणाली.

मग आईनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"कसं झालंय?"

तिनं विचारलं ते अगदी अण्णांसारखं, मान किंचित पुढे काढून. मी तोंड उघडलं. सवयीचा शब्द जिभेवर आला होता, तो मी गिळला. मी तिच्याकडे बघत नव्हते. बाहेरच्या खोलीत पणती होती, पिठाचा थर होता आणि त्यापलीकडे अण्णांची रिकामी खुर्ची. तिथवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणाले, "अण्णा, आजवरचं सगळं कडू होतं. हे पहिल्यांदा चांगलं झालंय."